हात, वस्तू आणि वाक्य : बालवाडीतील खेळाच्या कल्पनेचे परीक्षण

१

लहान मुलाने खेळातून शिकावे, हाताने करून शिकावे, हे तत्त्व आता कोणी नाकारीत नाही. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांची संख्या आज १३ लक्षांहून अधिक झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ ह्या वयाचा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ आणि कृती यांना अग्रस्थान दिले. सर्वमान्य झालेल्या तत्त्वाचे एक दुर्दैव असे असते की, त्याची परीक्षा घेणे थांबते. मान्यता मिळाली म्हणजे अर्थ ठरला, अशी समजूत होऊन बसते आणि ते तत्त्व व्यवहारात कोणते रूप घेते इकडे लक्ष राहत नाही.

खेळातून मूल नेमके काय शिकते, असा प्रश्न केल्यास मराठी बालशिक्षणविषयक लेखनात साधारणपणे एकच उत्तर मिळते : रंग, आकार, संख्या, लहानमोठेपणा आणि वस्तूंची नावे. वस्तू हाती यावी, इंद्रियांना तिचा अनुभव घडावा आणि त्या अनुभवाला नाव चिकटावे, अशी ही कल्पना आहे. ह्या उत्तरात सत्याचा अंश मोठा आहे. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते अपुरे आहे. आणि त्याच्या अपुरेपणामुळेच खेळाचे तत्त्व मान्य असलेल्या बालवाडीतही मूल पुष्कळदा अबोल राहते. खेळ मुलाला शब्दांपेक्षा वाक्य अधिक देतो. आणि ज्या कृतीभोवती मुलाला स्वतःची वाक्ये रचता येत नाहीत ती कृती, हात कितीही गुंतलेला असो, अर्धीच राहते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

२

आरंभी संस्थांच्या नावांचाच विचार करणे उपयुक्त ठरेल, कारण त्या नावांत त्या त्या वेळची शिक्षणकल्पना साठलेली आहे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांच्या खेळासाठी व उद्योगासाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मुलांची बाग ही ती प्रतिमा होय. रोपाला वाढ बाहेरून देता येत नाही. माळ्याने केवळ अनुकूलता निर्माण करावयाची. इटलीत मारिया माँटेसरीने १९०७ च्या ६ जानेवारीला रोमच्या सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत जी संस्था उघडली तिचे नाव ‘मुलांचे घर’ असे होते. बागेच्या जागी घर आले, आणि घराबरोबर घरातील कामेही आली : पाणी ओतणे, केर काढणे, गुंड्या लावणे, भांडी पुसणे.

भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये ‘बालमंदिर’ काढले. ‘मंदिर’ ह्या शब्दाने आज देवालयाचा बोध होत असला तरी संस्कृतात त्याचा मूळ अर्थ घर, निवासस्थान असा आहे. तेव्हा इटालियन नावाचे ते यथार्थ रूपांतर ठरते. शिवाय रूढ अर्थामुळे मुलाविषयीचा एक पूज्यभावही त्यात सहज मिसळला. मराठीतील ‘बालवाडी’ हा शब्द ह्याहून अर्थपूर्ण आहे. कोकणात ‘वाडी’ म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि ‘वाडी’ म्हणजे माणसांची लहान वस्तीही. फ्रोबेलची बाग आणि खेड्यातील वस्ती हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात येऊन बसले. ताराबाई मोडक यांच्या कार्यातून पुढे आलेल्या ‘अंगणवाडी’ ह्या शब्दात दुसरा अर्थ पहिल्यावर मात करतो. मुलांनी बागेत यावे ही अपेक्षा मागे पडते आणि बागच मुलांच्या अंगणात जाते.

बाग, घर, मंदिर, वाडी, अंगण ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ही सगळी स्थळांची नावे आहेत. मूल कोठे असावे आणि त्याच्याभोवती काय असावे, हे ती सांगतात. मूल तेथे कोणाशी काय बोलेल, याची सूचना त्यांपैकी एकातही नाही. हा योगायोग नाही. त्यांच्यामागील विचाराचा झोकही तसाच आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३

फ्रोबेलच्या पद्धतीत हात आणि शब्द यांची फारकत झालेली नव्हती. त्याने मुलांसाठी ज्या वस्तू योजिल्या त्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची; दुसरी गोल, घन आणि दंडगोल यांची. ह्या वस्तू मुलापुढे मुकाट्याने ठेवावयाच्या नव्हत्या. चेंडू झुलवताना, लपवताना, परत आणताना आईने कोणते शब्द, कोणत्या लयीत म्हणावेत याचा त्याने बारकाईने विचार केला होता. १८४४ मध्ये त्याने आईसाठी जे गीतांचे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात बोटांचे खेळ, चित्रे आणि गीते एकत्र गुंफलेली आहेत. फ्रोबेलच्या वस्तूंमागील गूढवाद आज कोणास पटणार नाही. गोलात विश्वाची एकता पाहणे मुलाला शक्य नाही आणि आवश्यकही नाही. तथापि कृती, लय आणि उच्चार ही तिन्ही एकाच वेळी मुलापर्यंत पोचली पाहिजेत, ही त्याची जाणीव अचूक होती. मराठी घरात मुलाला मांडीवर घेऊन, त्याची बोटे मोजीत किंवा त्याला झोके देत बडबडगीते म्हणणाऱ्या आजीला फ्रोबेल ठाऊक नव्हता, परंतु तिची रीत तीच होती.

माँटेसरीने ह्या मिश्रणावर शास्त्रीय आक्षेप घेतला. ती वैद्यकाची पदवीधर होती आणि मतिमंद मुलांसाठी एद्वार सेगँ याने केलेल्या प्रयोगांचा तिने अभ्यास केला होता. एका वेळी एकच गुण मुलाच्या अनुभवास यावा, हे तिच्या साधनांचे सूत्र होय. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन रंगाने व द्रव्याने सारखे. त्यांच्या बाजू मात्र १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या. त्यामुळे फरक उरतो तो आकारमानाचाच. शिक्षिकेच्या बोलण्यासही हाच नियम लागू झाला. पाठ थोडक्यात असावा, साधा असावा, आणि शिक्षिकेने मोजके शब्द बोलावेत. सेगँकडून घेतलेल्या तीन पायऱ्यांच्या पाठात प्रथम शिक्षिका ‘हा लाल, हा निळा’ असे नाव सांगते. नंतर ‘लाल दे, निळा दे’ असे मागते. शेवटी ‘हा कोणता?’ असे विचारते.

ह्या शिस्तीचा लाभ मोठा झाला. अखंड उपदेश करणारी शिक्षिका गप्प झाली आणि मुलाच्या एकाग्रतेला प्रथमच मान मिळाला. परंतु त्याबरोबर एक अपसमजही रूढ झाला. शिक्षिकेच्या अनावश्यक बोलण्यावर घातलेले बंधन हळूहळू बोलण्यावरचेच बंधन वाटू लागले, आणि भाषा म्हणजे अनुभवावर लावावयाच्या नावांच्या चिठ्ठ्या, अशी धारणा बळावली. माँटेसरीच्या बाबतीत हे संपूर्ण सत्य नाही, हे मान्य केले पाहिजे. तिच्या १९१६ च्या ग्रंथात आज्ञापत्रके वाचून त्याप्रमाणे कृती करण्याचे खेळ आहेत आणि त्यांतून क्रियापदाचा परिचय होतो. पण ते खेळ वाचू लागलेल्या मुलाचे आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातातील वस्तूला मात्र नाव मिळाले, वाक्य मिळाले नाही.

४

नाव स्वतंत्रपणे शिकवता येते, ह्या गृहीताची परीक्षा मराठीच्या आधारे करून पाहावी. रंगांच्या पट्ट्या घेऊन शिक्षिका म्हणते : ‘ही लाल, ही निळी, ही पिवळी.’ तोच पाठ रंगीत तुकड्यांवर दिल्यास ‘हा लाल, हा निळा, हा पिवळा’ असे म्हणावे लागते, आणि फुलांवर दिल्यास ‘हे लाल, हे निळे, हे पिवळे’. ‘लाल’ हे विशेषण विकार पावत नाही. ‘निळा’ आणि ‘पिवळा’ ही विकारी आहेत. म्हणजे रंग हा एकच गुण मुलापुढे वेगळा काढून ठेवीत आहोत असे शिक्षिका समजत असताना मराठी भाषा त्याच क्षणी मुलाला लिंगव्यवस्थेचा पाठ देत असते. इटालियन भाषेतही हीच स्थिती आहे : तांबड्याचे ‘रोस्सो’, ‘रोस्सा’ असे रूप बदलते, निळ्याचे ‘ब्लू’ बदलत नाही. तेव्हा शुद्ध, एकाकी नाव ही वस्तुस्थिती रोममध्येही नव्हती आणि भावनगर-दादर येथेही असणे शक्य नव्हते. मुलाच्या कानावर पडतो तो नेहमी कोणत्या तरी वाक्यातला शब्द.

लहानमोठेपणाची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. मनोऱ्यातील सर्वांत खालचा घन ‘मोठा’ आणि सर्वांत वरचा ‘लहान’ हे सांगता येते. परंतु मधल्या आठ घनांचे काय? त्यांपैकी प्रत्येक घन एकाहून मोठा आणि दुसऱ्याहून लहान आहे. मराठीत तुलना नुसत्या विशेषणाने साधत नाही. ‘हा त्याच्यापेक्षा मोठा आहे’ असे दोन वस्तूंना जोडणारे वाक्य करावे लागते. हाताने घन रचणाऱ्या मुलाला ही तुलना कळलेली असते. तिला भाषेत आणण्यासाठी त्याला ‘पेक्षा’ लागतो, आणि ‘पेक्षा’ ही दाखवता येण्याजोगी वस्तू नाही. ती बोलण्यातच सापडते. मनोरा रचीत असताना ‘आता कोणता ठेवायचा? हा नको, हा त्याच्यापेक्षा मोठा आहे’ असे दोन मुले एकमेकांशी बोलली, तर साधनाचा हेतू सिद्ध झाला. मूल मुकाट्याने रचून उठले तर हाताचा पाठ झाला. विचाराचा झाला की नाही, हे कोणासही सांगता येणार नाही.

५

मनोरा रचला जातो तसा तो कोसळतोही. साधनांच्या विवेचनात ह्या घटनेला स्थान नसते. मुलांच्या जीवनात मात्र ती फार महत्त्वाची असते. मनोरा कोसळला की, मुलांमध्ये तत्काळ वाद उपस्थित होतो : ‘पडला!’ ‘नाही, तू पाडलास!’

ह्या दोन वाक्यांत मराठी व्याकरणाचा एक गाभ्याचा भाग आला आहे. पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे ह्या जोड्यांत मुळातील स्वराच्या बदलाने घडणे आणि घडवणे यांतील भेद दाखवला जातो. संस्कृतातील पतति–पातयति, त्रुट्यति–त्रोटयति ह्या रूपांपासून हा भेद चालत आलेला आहे. व्याकरणाच्या पुस्तकात तो प्रयोजकाच्या प्रकरणात येतो आणि विद्यार्थ्यास रुक्ष वाटतो. चार वर्षांच्या मुलाला तो रुक्ष वाटत नाही, कारण त्याच्यावर त्याची निर्दोषता अवलंबून असते. ‘पडला’ म्हटले तर दोष कोणाचाच नाही. ‘पाडला’ म्हटले तर कर्ता उभा राहतो. न्यायाची पहिली भाषा मूल अशा वेळी शिकते.

पाणी ओतण्याच्या कामातही हेच घडते. ‘सांडणे’ हे क्रियापद मराठीत दोन्ही बाजूंनी चालते. ‘पाणी सांडले’ येथे कर्ता नाही. ‘त्याने पाणी सांडले’ येथे तो आहे. आणि ह्या दोहोंच्या मध्ये मराठीने तिसरी एक जागा करून ठेवली आहे : ‘त्याच्या हातून पाणी सांडले.’ कृती त्याची, पण हेतू त्याचा नव्हे. ‘हाताने’ आणि ‘हातून’ ह्या दोन रूपांतील हा भेद अत्यंत सूक्ष्म आहे. ‘हाताने’ म्हणजे साधन म्हणून हात वापरून; ‘हातून’ म्हणजे हात हे केवळ वाट झाले आणि त्या वाटेने काही घडले. मोठेपणी हाच प्रयोग विनयाच्या भाषेत येतो. एखाद्याच्या हातून चांगले काम झाले असे म्हणताना कर्त्याचा अहंकार बाजूस ठेवलेला असतो. चुकीची क्षमा आणि कर्तृत्वाचा विनय ह्या दोहोंसाठी भाषेने एकच दार ठेवले आहे.

हाताने करून शिकण्याचा जो गौरव केला जातो त्यात ह्या ‘हातून’चा विचार क्वचितच असतो. पाणी सांडल्यावर मुलाच्या हाती फडके देऊन ते पुसण्यास शिकवावे, हे माँटेसरीचे मार्गदर्शन उत्तमच आहे. परंतु फडक्याबरोबर ‘तुझ्या हातून सांडले, होय ना?’ हे वाक्यही त्याला मिळाले पाहिजे. जेथे शिक्षिका केवळ ‘सांडलेस ना!’ एवढेच म्हणते तेथे मुलाला कर्ता आणि गुन्हेगार हे दोन शब्द एकार्थी वाटू लागतात. जेथे ती काहीच बोलत नाही तेथे मूल स्वच्छता शिकते, पण स्वतःच्या कृतीविषयी बोलण्याची भाषा शिकत नाही.

६

आतापर्यंत विचार झाला तो साधनांच्या खेळाचा. मुलांचा स्वतःचा खेळ ह्याहून निराळा आहे. माँटेसरीला कल्पनेच्या खेळाविषयी फारसा विश्वास नव्हता. तिच्या संस्थेत खेळणी ठेवली असता मुलांनी त्यांकडे पाठ फिरवली, असे तिने नमूद केले आहे आणि त्यावरून मुलाला खेळापेक्षा काम प्रिय असते, असा निष्कर्ष काढला आहे. हा निष्कर्ष भातुकलीपुढे टिकत नाही.

भातुकलीत रिकाम्या वाटीतून चहा दिला जातो. तो चहा खरा नाही हे देणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांसही ठाऊक असते, आणि त्यासाठी मराठी मुलांनी स्वतःचा एक प्रयोग रूढ केला आहे : ‘हा खोटंखोटं चहा हं.’ येथील द्विरुक्ती लक्षणीय आहे. ‘खोटे’ म्हणजे असत्य, निंद्य. ‘खोटंखोटं’ म्हणजे असत्य नव्हे, तर परस्परांच्या संमतीने मानलेले. एका द्विरुक्तीने लबाडी आणि कल्पना यांच्यामध्ये कुंपण घातले गेले आहे. त्याचा प्रतियोगी ‘खरंखरं’ हाही तसाच जन्माला आला आहे. साहित्यशास्त्राने ज्याची चर्चा पुष्कळ केली तो काव्यगत सत्याचा प्रश्न मुलांनी अंगणात असा सोडवून टाकला आहे.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की याने १९३३ मधील खेळावरील व्याख्यानात ह्या प्रक्रियेचे मर्म दाखवले. काठीला घोडा मानणारे मूल वस्तूपासून अर्थ वेगळा करण्यास शिकत असते. काठी ही त्या वियोगाची खुंटी होय. दोन सख्ख्या बहिणी ‘बहिणीबहिणी’ खेळू लागल्या की, एरवी नकळत पाळले जाणारे बहिणीचे वागणे त्या नियम म्हणून जाणीवपूर्वक पाळू लागतात, हेही त्याने त्याच ठिकाणी सांगितले. कल्पनेचा खेळ स्वैर नसतो, तो नियमांनी बांधलेला असतो, हा त्याचा सिद्धांत मराठी खेळांच्या भाषेवरूनही पटतो. पकडापकडीत एकावर ‘राज्य’ येते. ज्याला अजून नियम झेपत नाहीत अशा धाकट्याला खेळातून हाकलून न देता ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतले जाते. तो धावतो, पकडलाही जातो, परंतु त्याच्यावर राज्य येत नाही. शिकणाऱ्याला समाजात दाखल करून घेण्याची ह्याहून समंजस व्यवस्था कोणत्याही शिक्षणपद्धतीत सापडणे कठीण आहे. ती मुलांनी केली आहे आणि तिला नावही मुलांनीच दिले आहे.

भातुकलीचा आणखी एक लाभ खास भाषिक आहे. लहान मुलाला सगळे ‘तू’ म्हणतात. ते मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणते, पण स्वतः ‘तुम्ही’ होण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. आज्ञा करण्याचा, पाहुण्यास आग्रह करण्याचा, भाव सांगण्याचा अधिकारही त्याला व्यवहारात नसतो. खेळात तो मिळतो. आई झालेली मुलगी ‘अहो, बसा ना, चहा घ्या’ म्हणते. दुकानदार झालेला मुलगा ‘सुटे नाहीत, ताई’ म्हणतो. बाई झालेली मुलगी हात मागे बांधून साऱ्या वर्गाला गप्प बसवते. मध्येच एखादी भूमिकेतून बाहेर येऊन ‘तू तसं नाही म्हणायचंस, तू रडायचंस’ असे सुचवते आणि पुन्हा भूमिकेत शिरते. दोन पातळ्यांवरचे हे बोलणे, आदरार्थी रूपे आणि त्यांबरोबर बदलणारी क्रियापदे ही एरवी कोणत्याही साधनाने शिकवता आली नसती. इलेन अँडरसन हिने अमेरिकन मुलांच्या हाती बाहुल्या देऊन कुटुंब, दवाखाना आणि वर्ग ह्या तीन प्रसंगांतील त्यांचे बोलणे अभ्यासले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथातून असेच दिसते की, शाळेच्या उंबरठ्यावरील मुलेही भूमिकेनुसार बोलण्याची धाटणी बदलतात. मराठीत आदरार्थी रूपांची व्यवस्था अधिक गुंतागुंतीची असल्याने येथे असा अभ्यास अधिकच फलदायी होईल.

७

ह्या दृष्टीने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याचे मूल्यमापन पुन्हा करणे आवश्यक वाटते. भावनगर येथे गिजुभाईंबरोबर काम केल्यावर आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या द्वारा प्रचार केल्यावर, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. परंतु ताराबाईंच्या कार्याला खरे वळण मिळाले ते १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे. तेथे आणि पुढे कोसबाड येथे त्यांनी व अनुताईंनी महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, काड्या आणल्या. जी मुले बालवाडीत येत नव्हती त्यांच्या अंगणात बालवाडी नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर भरवली.

ह्या प्रयोगाविषयी जे लिहिले जाते त्याचा भर बहुधा स्वस्ताईवर असतो. परदेशी साधनांचे काम देशी वस्तूंनी भागवले, असा त्याचा गौरव होतो. हा गौरव खरा असला तरी तो प्रयोगाला लहान करतो. गुलाबी मनोऱ्याच्या ठिकाणी शिंपले आले याचा अर्थ केवळ खर्च वाचला असा नाही. लाकडी घनाला मुलाच्या घरी नाव नसते. त्याचे नाव शिक्षिकेकडूनच यावे लागते, आणि म्हणून तीन पायऱ्यांचा पाठ अपरिहार्य होतो. शिंपल्याला, बीला, गवताला मुलाच्या घरी आधीपासून नाव आहे. ते कोठे मिळते, त्याचे काय करतात, ते कोणी आणावयाचे, याविषयीची वाक्ये आहेत. कित्येकदा ती वाक्ये शिक्षिकेलाच ठाऊक नसतात. वारली मूल आणि शिक्षिका यांच्यामध्ये शिंपला ठेवला गेला त्या क्षणी ज्ञानाची दिशा उलट होण्याची शक्यता निर्माण झाली : सांगणारे मूल आणि ऐकणारी शिक्षिका. अंगणवाडी आणि कुरणशाळा यांचे भाषिक महत्त्व ह्या शक्यतेत आहे. शाळेने वस्ती बदलली, म्हणजे बोलीच्या सीमेपलीकडे पाऊल टाकले. तिच्या पुढच्या वाटचालीत ही शक्यता कितपत जोपासली गेली, हाच अंगणवाडीच्या मूल्यमापनाचा मुख्य निकष असावयास हवा. साधनांची संख्या हा नव्हे.

८

प्रत्यक्षात मात्र साधनांची संख्याच निकष होऊ पाहत आहे. २०२२ मध्ये पायाभूत टप्प्यासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्याला अनुसरून २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ ह्या नावाने खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तके, चित्रपत्रके यांचा संच सिद्ध करण्यात आला. आराखड्यात मातृभाषेवर आणि संभाषणावर भर आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तथापि पेटी मोजता येते, संभाषण मोजता येत नाही. आणि ज्या गोष्टीची नोंद होऊ शकते तीच कालांतराने शिल्लक राहते, हा शासकीय व्यवहाराचा अनुभव आहे. पेटी कुलपात राहण्याची भीती तर आहेच. त्याहून मोठी भीती ही की, पेटी उघडली जाईल, वस्तू मुलांच्या हाती जातील, आणि मुलांनी त्यांची नावे एका सुरात म्हटली म्हणजे खेळातून शिक्षण झाले असे समजले जाईल.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. एकटी सेविका, वीस-पंचवीस मुले, पोषण आहार, वजनांच्या नोंदी, इतक्या व्यापात प्रत्येक मुलाशी संभाषण कसे करावयाचे? आक्षेप वास्तव आहे. परंतु त्याचे उत्तर वरील विवेचनातच आहे. ‘पडला की पाडला’ हा वाद मुले एकमेकांशीच करतात. भातुकलीत सेविकेचे काम नसते. तिने प्रत्येकाशी बोलावे अशी अपेक्षा येथे नाही. मुलांचे आपसांतले बोलणे तिने बंद पाडू नये आणि अधूनमधून ते कान देऊन ऐकावे, एवढीच आहे. त्यासाठी वेळ थोडा लागतो. लागते ती वेगळी दृष्टी.

ही दृष्टी नसल्यास काय होते याचे उदाहरण ‘न’ आणि ‘ण’ यांच्या बाबतीत नित्य दिसते. दुकान-दुकान खेळताना मूल म्हणते, ‘पानी धा रुपये.’ त्याच्या ह्या वाक्यात व्यवहार आहे, संख्या आहे, भूमिका आहे. शिक्षिका खेळ थांबवून म्हणते, ‘पानी नाही, पाणी म्हण.’ मूल ‘पाणी’ म्हणते आणि दुकान बंद होते. एक ध्वनी सुधारला, आणि त्याच्या मोबदल्यात वाक्य रचणारा माणूस गप्प झाला. प्रमाण उच्चार शिकवूच नये, असे कोणी म्हणणार नाही. पुढे लेखनासाठी तो आवश्यकच आहे. परंतु त्याची जागा खेळाच्या मध्यावर नाही. शिवाय ज्याच्या घरी ‘पाणी’ म्हणतात त्या मुलाचे दुकान चालू राहते आणि ज्याच्या घरी ‘पानी’ म्हणतात त्याचे बंद पडते, ही विषमता तीन-चार वर्षांच्या वयापासूनच सुरू होते. अंगणवाडीचा जन्म ज्या विषमतेच्या परिहारासाठी झाला तीच अशा रीतीने तिच्या आत शिरते.

९

सारांश, खेळातून शिक्षण ह्या तत्त्वाचा मराठी बालशिक्षणविचाराने केलेला स्वीकार मनःपूर्वक असला तरी एकांगी आहे. वस्तूला त्याने महत्त्व दिले, हाताला प्रतिष्ठा दिली. हात आणि वस्तू यांना जोडणाऱ्या वाक्याकडे मात्र त्याचे लक्ष पुरेसे गेले नाही. हे वाक्य शिक्षिकेने पाठ करून द्यावयाचे नाही. ते मुलांपाशी, त्यांच्या बोलीत, त्यांच्या वादांत आणि भातुकलीत आधीच असते.

ह्यातून विद्यापीठीय भाषाभ्यासापुढेही एक कार्य उभे राहते. मराठीच्या बोलींचे नमुने प्रौढांच्या तोंडून पुष्कळ संकलित झाले आहेत. खेळत असलेल्या मुलांचे बोलणे, मग ते डहाणूच्या पाड्यावरचे असो, कोल्हापूरच्या गल्लीतले असो की विदर्भातील एखाद्या अंगणवाडीतले, त्या त्या बोलीत, त्या त्या कृतीसह नोंदवून ठेवण्याचे काम पद्धतशीर रीतीने व्हावयास हवे. ‘पडला’ आणि ‘पाडला’, ‘हाताने’ आणि ‘हातून’, ‘खोटे’ आणि ‘खोटंखोटं’ हे भेद कोणत्या वयात, कोणत्या खेळात आणि कोणत्या बोलीत कोणत्या रूपाने प्रकट होतात, हे अशा संग्रहावरून कळेल. सेविकांच्या प्रशिक्षणात साधनांच्या यादीबरोबर अशा नोंदी वाचावयास दिल्या गेल्या, तर खेळणारी मुले कलकलाट करीत आहेत असे वाटून त्यांना गप्प करण्यापूर्वी एखादी सेविका क्षणभर थांबेल आणि ती काय बोलत आहेत ते ऐकून घेईल. बालवाडीच्या सुधारणेचा आरंभ तेथून करता येण्यासारखा आहे.